कुऱ्हाड, पोरगा आणि नऊ जगं: 'गॉड ऑफ वॉर'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत २०१८ पासून एक पीएस ४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आहे. गल्लीतली पोरं, चुलतभाऊ, भाचे, त्यांचे मित्र आणि कधीकधी त्या मित्रांच्या आया, सगळे त्यावरून मला काही ना काही विचारत असतात. रात्री साडेअकराला फोन वाजतो, "दादा, त्यो दगडाचा राक्षस मरंना झालाय." तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदाच लिहून काढतोय. शेवट कुठेही फोडलेला नाही. जिथे थोडंफार फुटतं तिथे आधी सांगितलंय.

ही गेम नेमकी आहे तरी काय?

क्रॅटोस नावाचा एक स्पार्टन, म्हणजे ग्रीक योद्धा. आधीच्या भागांत त्याने ग्रीक देवांचा निकाल लावला आणि मग सगळं सोडून उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात येऊन राहिला. तिथे लग्न केलं, पोरगा झाला. गेम सुरू होते तेव्हा बायको वारलेली आहे आणि क्रॅटोस चितेसाठी झाड तोडतोय. तिची शेवटची इच्छा एवढीच, की आपली राख नऊ जगांतल्या सगळ्यात उंच शिखरावरून उधळावी. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ही अख्खी गेम एका रक्षाविसर्जनाचा प्रवास आहे. बाप तोंड उघडत नाही, पोरगा गप्प बसत नाही आणि वाटेत देव आडवे येतात.

सोनीच्या सांता मोनिका स्टुडिओने ती बनवली, दिग्दर्शक कोरी बार्लोग. २० एप्रिल २०१८ ला पीएस ४ वर आली आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' ठरली. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही कट होत नाही. मारामारी असो, गप्पा असोत, होडीतला प्रवास असो, सगळं एका सलग शॉटमध्ये. पहिल्यांदा खेळताना हे लक्षातही येत नाही. लक्षात आलं की मग दुसरं काही दिसत नाही.

आधीचे भाग खेळलेले नाहीत. चालेल का?

चालेल. मालिका २००५ मध्ये पीएस २ वर सुरू झाली, पण इथे गोष्ट नव्याने मांडलीय. क्रॅटोसने स्वतःच्या बापाला, म्हणजे ग्रीक देवांचा राजा झ्यूसला मारलंय आणि ते पोराला सांगायचं त्याचं धाडस होत नाही, एवढं माहीत असलं की पुरे.

ही आरपीजी आहे की नुसती हाणामारी?

दोन्हीच्या मधली. (आरपीजी म्हणजे आपलं पात्र हळूहळू घडवत नेण्याची गेम.) चिलखत बदलायचं, कुऱ्हाडीत रून, म्हणजे मंतरलेली अक्षरं, बसवायचे, ताकद, संरक्षण, नशीब असे आकडे वाढवायचे आणि त्या सगळ्यातून तुमची पातळी ठरते. हा भाग आरपीजीचा. पण आकडे कितीही वाढवले तरी हात चालले नाहीत तर मार खाल. ज्यांना तासन् तास सामान लावत बसायला आवडतं त्यांना इथे ते थोडं कमीच वाटेल.

आता रात्री साडेअकराचा प्रश्न. शत्रूच्या डोक्यावर त्याचा जीव दाखवणारी पट्टी असते, तिचा रंग बघा. जांभळी असेल तर तो तुमच्यापेक्षा बराच वरचा आहे. तिथे मर्दुमकी दाखवू नका, निघून जा आणि दहा तासांनी परत या. पळून जाणं ही या गेममधली सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती आहे. आमच्याकडच्या पोरांना ती सांगितली की अपमान झाल्यासारखं तोंड करतात.

कुऱ्हाड फेकली की परत कशी आणायची?

त्रिकोण दाबा. बस.

पण या एका बटणावर सगळी गेम उभी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मर्दानी खेळात विटा बघितलाय ना? शिवाजी पेठेतल्या मिरवणुकीत वस्ताद लोक दोरी बांधलेला भाला फेकतात आणि मनगटाच्या झटक्याने माघारी ओढतात. लेव्हायथन कुऱ्हाड म्हणजे तोच विटा, फक्त दोरी नाही. एल २ धरून नेम, आर १ ने हलका फेक, आर २ ने जड फेक. जड फेकीने शत्रू जागच्या जागी गोठतो. पायावर मारली तर आडवा होतो. आणि कुऱ्हाड हातात येताना वाटेत जो असेल त्यालाही लागते, त्यामुळे जरा बाजूला सरकून, शत्रूला मध्ये घेऊन मग त्रिकोण दाबायचा. हे जमलं की नाद खुळा.

कुऱ्हाड लांब कुठेतरी रुतलेली असताना क्रॅटोस ढाल आणि मुठींनी लढतो. नवीन खेळणारे घाबरून लगेच परत बोलावतात. तसं करू नका. मुठीने जखम कमी होते, पण शत्रू लवकर गांगरतो. त्याच्या पट्टीखालची दुसरी पट्टी भरली की आर ३ (उजवी काडी आत) दाबा आणि पुढचं आईसमोर बघू नका. शिवाय बर्फाचे काही शत्रू असे आहेत की त्यांना कुऱ्हाड लागतच नाही. थंडीवाल्याला थंडीने काय होणार? त्यांच्यासाठी सुरुवातीला मुठीच. पुढे आणखी एक शस्त्र मिळतं. कुठलं ते सांगत नाही, तो प्रसंग स्वतःच बघा.

कुऱ्हाडीने कोडीही सुटतात. चक्र फिरत असेल तर त्यात फेकून गोठवा, दार उघडं राहतं. कोडं अडलं की आधी वर बघा. दहापैकी आठ वेळा उत्तर छताला लटकलेलं असतं.

शत्रूभोवती पिवळं आणि लाल वर्तुळ येतं ते काय?

पिवळं म्हणजे नुसती ढाल धरलीत तर फुटेल, एकतर बाजूला व्हा नाहीतर अगदी शेवटच्या क्षणी एल १ दाबून वार परतवा. लाल म्हणजे ढालीचा उपयोगच नाही, बाजूला लोळण घ्या. परतवण्याची वेळ साधायला आमच्याकडे एकच मंत्र आहे: खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. आधी दाबलं तरी मेलात, उशिरा दाबलं तरी मेलात.

क्रॅटोसच्या अंगाभोवती छोटे बाणही दिसतात. जांभळा बाण म्हणजे त्या दिशेने काहीतरी फेकलंय. आणि पोरगा मागून ओरडतो, ते कान देऊन ऐका. तो खरं सांगतो.

पोराला सांभाळत बसावं लागतं का?

नाही. अट्रेयस मरत नाही आणि मध्ये तडमडतही नाही. चौकोन दाबला की बाण मारतो. सुरुवातीला त्याचा उपयोग वाटत नाही, म्हणून लोक त्याच्यावर पैसे खर्च करायला मागेपुढे बघतात. ही चूक मीही केली. त्याचे बाण वाढवले की शेवटच्या लढायांमध्ये अर्धं काम तोच करतो.

हे देव कुठले? कुणी पुजतं का यांना?

हा प्रश्न आमच्या आज्जीने विचारला होता. हे स्कँडिनेव्हियाचे, म्हणजे आजच्या नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलँड या भागांतले जुने देव, ज्यांना नॉर्स देव म्हणतात. आइसलँडने साधारण इ.स. १००० मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, १२२० च्या सुमाराला, स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या तिथल्याच एका ख्रिस्ती पुढारी-कवीने या कथा लिहून ठेवल्या. जुन्या कवितांची चामड्याच्या पानांवरची तेराव्या शतकातली एक पोथीही वाचलीय. ती कितीतरी काळ डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात होती, १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळाली. म्हणजे आपल्या हातात जे आहे ते पूजा थांबल्यावर लिहिलेलं आहे. आपल्याकडे कोल्हासुराची गोष्ट अंबाबाईच्या देवळात आजही सांगतात, नवरात्रात गर्दी होते. त्यांच्याकडे ती साखळी तुटली.

तरी नावं उरली आहेतच. इंग्रजी वारांमध्ये बघा: ट्यूजडे हा टिअरचा, वेन्सडे देवांच्या राजाचा, म्हणजे ओडिनचा, थर्सडे थॉरचा, फ्रायडे फ्रिगचा. त्या हिशेबाने आपली मंगळवार पेठ टिअरची, बुधवार पेठ ओडिनची आणि शुक्रवार पेठ फ्रिगची झाली.

गेममध्ये दाखवलंय ते मूळ कथेत आहे का?

(इथून पुढच्या चार परिच्छेदांत मधल्या भागातलं थोडंफार फुटतं.)

नावं सगळी मूळची, नाती बरीच बदललेली. आणि माझ्या मते खरी मजा त्या बदलांमध्येच आहे. मूळ गोष्ट माहीत असलेल्याला ही गेम दुप्पट आवडते.

मिमिर घ्या. क्रॅटोसच्या कमरेला एक बोलकं मुंडकं लटकतं. अर्ध्या गेमपासून पुढे तेच होडीत बसून गोष्टी सांगतं. आज्जी एकदा चहा घेऊन वर आली, स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो राहू काय रं? धड कुठं गेलं ह्याचं?" मी हसलो, पण तिचं फार चुकलं नव्हतं. मूळ कथेतही मिमिरचं मुंडकंच उरतं. वानिर नावाच्या दुसऱ्या कुळातले देव त्याचं डोकं कापून पाठवतात, ओडिन त्याला वनस्पतींचा लेप लावून टिकवतो आणि त्याचा सल्ला घेत राहतो. गेममध्ये मात्र ओडिनने त्याला कैद करून ठेवलंय आणि मुंडकं कापतो तो क्रॅटोस, तेही मिमिरच्याच सांगण्यावरून.

बाल्डरचं तर आज्जीला सांगावंही लागलं नाही. मूळ कथा अशी, की त्याची आई फ्रिग जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेते, याला इजा करणार नाही म्हणून. राहतं एक मिसलटो, झाडांवर वाढणारं बांडगूळ, कारण ते तिला फार कोवळं वाटतं. मग देवांना खेळच सापडतो, बाल्डरवर दगड, भाले, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि हसायचं. कपटी लोकी मिसलटोची काडी बाल्डरच्या आंधळ्या भावाच्या हातात देतो. "हिरण्यकश्यपूचंच झालं की," आज्जी म्हणाली. "वर मागताना एक काहीतरी राहतंयच." गेमने या कथेला एक पीळ दिलाय: ज्याला काहीच लागत नाही त्याला काहीच जाणवतही नाही, ना थंडी, ना चव, ना स्पर्श. वराचा शाप झाला. आणि फ्रिग व फ्रेया या दोन देवी इथे एकच केल्यात, त्यामुळे आईचा धागा फार घट्ट होतो. मूळ कथेपेक्षा मला हे जास्त पटतं, असं म्हटलं तर काही जाणकार रागावतील. रागावू देत.

ब्रॉक आणि सिंड्री हे लोहार भाऊही मूळचेच. थॉरचा हातोडा त्यांनीच घडवला. भाता मारताना लोकी माशी होऊन चावला, क्षणभर हात थांबला आणि दांडा आखूड राहिला. त्यांच्या दुकानात गेममधलं जे चलन चालतं, हॅकसिल्व्हर, तेही कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. व्हायकिंग लोक खरोखरच चांदीची कडी आणि दागिने तोडून तुकड्यांनी, वजनावर व्यवहार करत. चांदीकामाच्या हुपरीतल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आमचा एक हुपरीचा मित्र तर ब्रॉकच्या ऐरणीकडे बघून म्हणाला, "घाव बरोबर घालतोय गडी."

तळ्याचं पाणी मध्येच कमी झालं, गेम बिघडली का?

नाही, तसंच आहे. नऊ जगांच्या त्या तळ्यात यॉर्मुंगांडर हा सर्प पडून असतो, मूळ कथेत जो अख्ख्या पृथ्वीला वेढा घालून स्वतःची शेपटी तोंडात धरतो तोच. तो हलला की पाणी उतरतं आणि बुडालेले किनारे, बेटं, दारं वर येतात. आधी पाहिलेल्या जागी परत जा, नवीन वाटा फुटलेल्या असतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून मावशी आणि तिची दोन पोरं आठवडाभर आमच्याकडे होती. घरात कमरेएवढं पाणी, गणपतीच्या मूर्ती तशाच राहिलेल्या, मावशी फोन धरून बसलेली. पोरांना गुंतवायला मी ही गेम लावून दिली, मोठा खेळायचा, धाकटा बघायचा. पाणी उतरलं तो सीन आला तेव्हा धाकटा एकदम म्हणाला, "घाटावरची देवळं अशीच वर येत्यात की रं." पंचगंगेवर दर पावसाळ्यात दीपमाळा आणि ती लहान देवळं बुडतात आणि मग एकेक करून शेंदूर, गाळ घेऊन बाहेर निघतात. त्याने लगेच विचारलं, या देवळांत गाळ का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे फावडी घेऊन कुंभार गल्लीत होतो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेखाली.

व्हाल्कीरी मारणं गरजेचं आहे का?

गोष्टीसाठी नाही. पंख असलेल्या या लढवय्या बाया नऊ आहेत, सगळ्या ऐच्छिक, आणि शेवटची सिग्रून ही या गेममधली सगळ्यात अवघड लढाई. तिच्या एकेका हालचालीचं पाठांतर करावं लागतं, पाढ्यांसारखं. मी तिला पट्टीच्या शेवटच्या रेघेपर्यंत आणलं आणि लाइट गेली. जूनचा पहिला पाऊस. खोलीत काळोख, खाली आज्जी मेणबत्ती शोधतेय आणि मी कंट्रोलर धरून तसाच बसलेलो. गेम आपोआप सेव्ह होते, पण लढाईच्या मध्ये नाही. दुसऱ्या दिवशी यूपीएस आणला. पावसाळ्यात खेळणार असाल तर तुम्हीही आणा.

अवघडपणा कुठला निवडू?

चार पर्याय आहेत. पहिल्यांदा खेळत असाल तर दुसरा. फक्त गोष्ट बघायची असेल तर पहिला, त्यात लाज कसली? पहिले तीन खेळता खेळता बदलता येतात. चौथा, म्हणजे सगळ्यात वरचा, एकदा घेतला की त्या खेळात बदलता येत नाही. वाढदिवसाला मित्रांसमोर तो निवडणारे दोघं मला माहीत आहेत. दोघंही पहिल्या परक्या माणसाच्या मारामारीपलीकडे गेले नाहीत.

मुलगा बारा वर्षांचा आहे, देऊ का?

नका देऊ, काकू. युरोपात तिला पेगी १८ हे रेटिंग आहे, अमेरिकेत १७ आणि पुढे. रक्त, तोडलेले अवयव, शिव्या, सगळं आहे. बापलेकाची गोष्ट म्हणून कुणीतरी तुम्हाला गोड सांगितलं असेल, ते खरंच आहे, पण त्या बापाचे हात कोपरापर्यंत लाल आहेत. माझ्या भाच्यालाही मी थांबवलंय. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

मराठीत आहे का?

नाही. इंग्रजी सबटायटल चालू करा, अक्षरांचा आकार वाढवता येतो. होडीत बसल्यावर घाई करू नका. मिमिरच्या गोष्टी तिथेच असतात आणि किनाऱ्याला लागलात की तो मध्येच थांबतो. परत होडीत बसलात की पुढे सुरू करतो.

पीएस ५ किंवा पीसीवर चालेल?

पीएस ५ वर जुनी डिस्क चालते आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत जाते. फक्त डिस्कचा खण असलेला पीएस ५ हवा, हे आधी बघून घ्या. पीसीवर १४ जानेवारी २०२२ ला आली. किमान जीटीएक्स ९६० हे ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ७० जीबी जागा. बऱ्यापैकी चालायला जीटीएक्स १०६० लागतं. पुढचा भाग, 'रॅग्नारॉक', मात्र पीसीवर १९० जीबी खातो, तेव्हा डाउनलोड रात्री लावा आणि घरातल्यांना आधी सांगा.

'रॅग्नारॉक' आधी खेळलं तर?

सासरी जाऊन मग साखरपुडा केल्यासारखं होईल. २०१८ ची आधी, मग ९ नोव्हेंबर २०२२ ला आलेली 'रॅग्नारॉक'. तिच्यात ओडिन आणि थॉर स्वतः क्रॅटोससमोर येतात, नऊही जगांत जाता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये 'व्हालहाला' हा जोडभाग फुकट आला, तो सगळ्यात शेवटी.

नॉर्स देवांवरच्या आणखी कुठल्या गेम आहेत?

पूर्ण आरपीजी हवी असेल तर २०२० ची 'असॅसिन्स क्रीड व्हालहाला'. नवव्या शतकातलं इंग्लंड, एईव्हर नावाचा व्हायकिंग (किंवा व्हायकिंग बाई, तुम्ही निवडाल ते), मधूनच देवांच्या जगाची, असगार्डची सफर. फार लांब आहे. मी अर्ध्यात सोडली. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर 'व्हालहेम', २०२१ मध्ये आली, दहा जणांपर्यंत एकत्र खेळता येतं, साध्या पीसीवरही चालते आणि लढाईपेक्षा घर बांधण्यातच रात्र जाते. 'हेलब्लेड' लहान आणि अंगावर येणारी आहे. ती हेडफोन लावूनच खेळा, एकट्याने नको.

तुमच्याकडे येऊन खेळलं तर चालेल का?

रविवारी चारनंतर. जेवून येणार असाल तर साबणाने हात धुवून या. तांबड्या रश्श्याचा वास कंट्रोलरच्या रबरातून आठवडाभर जात नाही.

डिस्क उसनी द्याल का?

नाही. दोनदा दिली. एकदा ती ओरखडे घेऊन आली आणि एकदा नुसतं कव्हर आलं.